हॅरी रिकार्डो

सर हॅरी राल्फ रिकार्डो (२६ जानेवारी, १८८५ – १८ मे, १९७४) हे इंग्लिश यांत्रिक अभियंते आणि अंतर्ज्वलन इंजिनांचे संशोधक होते. पेट्रोल इंजिनात होणारी धातूवर ठोके बसल्यासारखी खडखड, जिला वाहनदुरुस्तीच्या व्यवहारात नॉकिंग म्हणतात, ती इंजिनाच्या बिघाडामुळे नव्हे तर इंधनाच्या गुणधर्मामुळे होते, हे प्रयोगाने दाखवून देणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. इंधनाची नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता आकड्यात मांडणारी त्यांची मोजपट्टी ही आजच्या ऑक्टेन अंकाची पूर्वज आहे. समुद्रकिनाऱ्यावर खडखडणारे इंजिन डोंगरावर त्याच पेट्रोलवर शांतपणे का चालते, या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या संशोधनातून मिळते.

बालपण आणि शिक्षण

रिकार्डो यांचा जन्म लंडनमधील बेडफर्ड स्क्वेअर येथे झाला. वडील हॅल्सी रिकार्डो हे वास्तुविशारद होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्या एका भावाचे हे घराणे. आई कॅथरीन या सर अलेक्झांडर मेडोज रेंडेल यांच्या कन्या. रेंडेल हे भारतातील रेल्वेचे सल्लागार अभियंते होते. सिंधू नदीवरील सक्खर येथील लॅन्सडाउन पुलाचा आराखडा त्यांचाच. म्हणजे भारतात कधी कारकीर्द न केलेल्या या अभियंत्याच्या घरातील भाकरी काही अंशी भारतीय रेल्वेच्या कामावर भाजली जात होती.

या आजोबांनी १८९८ मध्ये मोटारगाडी विकत घेतली. इंग्लंडमध्ये तेव्हा मोटार दिसणे हीच नवलाई होती. तेरा वर्षांच्या हॅरीला घरच्या घरी इंजिन उघडून पाहण्याची संधी मिळाली. रग्बी येथील शाळेनंतर १९०३ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या मोटार क्लबने एक स्पर्धा ठेवली: एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १.१४ लिटर, पेट्रोलवर जो सर्वांत दूर जाईल तो विजेता. रिकार्डो यांनी स्वतः बांधलेल्या मोटारसायकलने ४० मैल (सुमारे ६४ किलोमीटर) अंतर कापले आणि स्पर्धा जिंकली. विशेष म्हणजे त्यांची एक-सिलिंडर मोटारसायकल स्पर्धेतील सर्वांत जड होती.

या विजयामुळे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि रिकार्डो इंजिनांच्या संशोधनाकडे वळले. हॉपकिन्सन यांनी सिलिंडरमधील दाबाचा आलेख आरसा आणि प्रकाशकिरण यांच्या साहाय्याने टिपणारे उपकरण तयार केले होते. या उपकरणामुळे ठिणगीनंतरच्या क्षणांत सिलिंडरमध्ये काय घडते ते प्रथमच पाहता येऊ लागले. पदवी १९०६ मध्ये मिळाली. त्यानंतरही रिकार्डो आणखी एक वर्ष केंब्रिजमध्ये राहिले. पुढे ते आजोबांच्या सल्लागार कंपनीत नोकरीला लागले. याच काळात चुलतभाऊ राल्फ यांच्यासाठी त्यांनी डॉल्फिन नावाच्या गाडीचे दोन-आघाती इंजिन तयार केले. गाडी चांगली होती, पण धंदा चालला नाही. १९११ मध्ये त्यांचा विवाह बिअट्रिस हेल यांच्याशी झाला.

नॉकिंगचे कोडे

त्या काळी इंजिनाची शक्ती आणि काटकसर वाढवण्याचा मार्ग सर्वांना ठाऊक होता. दट्ट्याने हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जितके अधिक दाबावे तितके तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते. दट्ट्या खाली असतानाचे आणि वर असतानाचे आकारमान यांच्या प्रमाणाला संपीडन गुणोत्तर म्हणतात. अडचण अशी की हे गुणोत्तर साधारण ४ ते ५ च्या पुढे नेले की इंजिन खडखडू लागे, तापे आणि शेवटी दट्ट्याला भोक पडे.

याचा दोष बहुतेक अभियंते अकाली पेट घेण्यावर टाकत. सिलिंडरमध्ये साचलेली काजळी किंवा तापलेली झडप ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते, असे मानले जाई. हॉपकिन्सन आणि रिकार्डो यांना दाबाच्या आलेखात वेगळेच दिसले. ठिणगी वेळेवर पडत होती, ज्वाळाही नेहमीप्रमाणे पसरू लागत होती. पण जळालेला वायू फुगून पुढचे न जळलेले मिश्रण कोपऱ्यात दाबत होता. दाबाबरोबर तापमान वाढत होते. ज्वाळा तिथे पोहोचण्यापूर्वीच तो उरलेला भाग एकदम, स्वतःहून पेटला तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळत होती. तोच तो ठोका. अकाली पेट घेणे हा वेगळा दोष होता; तो नॉकिंगमुळे उद्भवू शकतो, पण नॉकिंगचे मूळ तो नव्हे.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा होता. कोपऱ्यातील मिश्रण किती दाब आणि तापमान किती काळ सहन करील हे इंधनाच्या रासायनिक रचनेवर अवलंबून असणार. पेट्रोल मात्र तेव्हा त्याच्या घनतेवरून पारखले आणि विकले जाई. हलके ते उत्तम, जड ते निकृष्ट, असा बाजाराचा नियम होता.

बोर्निओचे पेट्रोल

पहिल्या महायुद्धाच्या काळात शेल कंपनीचे संचालक रॉबर्ट वेली कोहेन यांच्याकडून रिकार्डो यांना निरनिराळ्या प्रदेशांतील पेट्रोलचे नमुने मिळाले. त्यांतील एक नमुना इतरांपेक्षा कितीतरी अधिक संपीडन खडखड न होता सोसत असे. चौकशीअंती तो बोर्निओचा निघाला. त्यात टोल्युइनसारखी अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बने विपुल होती. त्यामुळे त्याची घनता जास्त होती आणि म्हणूनच ते बाजारात विकण्यास अयोग्य ठरवून जंगलात मोठ्या प्रमाणावर जाळून टाकले जात होते. विमानांच्या इंजिनांना ज्या गुणाची सर्वाधिक गरज होती तोच गुण चुकीच्या कसोटीमुळे वाया जात होता. वेली कोहेन यांनी हे जाळणे थांबवले आणि रिकार्डो यांना कंपनीचे सल्लागार नेमले.

रणगाड्याचे इंजिन

इंधनाच्या प्रश्नाची दुसरी बाजू रिकार्डो यांना रणगाड्यांच्या निमित्ताने हाताळावी लागली. सुरुवातीच्या ब्रिटिश रणगाड्यांतील १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन चढावर दाट धूर सोडी आणि शत्रूला रणगाड्याची जागा कळे. नवे इंजिन तयार करण्याचे काम रिकार्डो यांच्याकडे आले. अटी कठीण होत्या. अ‍ॅल्युमिनियम आणि उच्च प्रतीचे पोलाद विमानांसाठी राखीव होते. चांगले पेट्रोलही विमानांनाच मिळणार होते, रणगाड्याला हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर भागवावे लागणार होते. त्यामुळे संपीडन गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवून रिकार्डो यांनी १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन बांधले. तेल ज्वलनकक्षात जाऊ नये म्हणून दट्ट्याची रचना वेगळी केली आणि धुराचा प्रश्न सुटला. हे इंजिन हजारोंच्या संख्येने तयार झाले. १९१८ मधील मार्क ५ रणगाडे त्याच्यावर चालत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉपकिन्सन विमान अपघातात मरण पावले.

युद्धातील मिळकतीतून रिकार्डो यांनी १९१९ मध्ये ससेक्समधील शोरहॅम येथे स्वतःची प्रयोगशाळा आणि कार्यशाळा उभारली.

ई-३५ आणि टोल्युइन अंक

शोरहॅमच्या प्रयोगशाळेतील सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे ई-३५ हे एका सिलिंडरचे इंजिन. ते चालू असतानाच सिलिंडर वरखाली सरकवून संपीडन गुणोत्तर बदलता येई. हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय या सहकाऱ्यांसह रिकार्डो यांनी शेलसाठी त्यावर अनेक इंधने तपासली. पद्धत सोपी होती. इंधन घालायचे, गुणोत्तर हळूहळू वाढवत जायचे आणि ज्या बिंदूला खडखड सुरू होते तो टिपून ठेवायचा. त्या इंधनाची ती मर्यादा. तुलनेसाठी टोल्युइनच्या मिश्रणाचा आधार घेऊन त्यांनी प्रत्येक इंधनाला टोल्युइन अंक दिला. १९२६ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी टोल्युइनच्या जागी आयसोऑक्टेन (१००) आणि नॉर्मल हेप्टेन (०) ही दोन टोके सुचवली. आजचा ऑक्टेन अंक तो हाच.

ऑक्टेन अंक म्हणजे पेट्रोलमधील ताकद, हा समज आजही पेट्रोल पंपावर सर्रास आढळतो. रिकार्डो यांच्या चाचण्यांनी तो शंभर वर्षांपूर्वीच खोडला होता. निरनिराळ्या पेट्रोलांतून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. अधिक अंकाचे इंधन केवळ अधिक दाब सोसते. त्या दाबाचा उपयोग करणारे इंजिन असेल तरच फायदा होतो. नसेल तर जादा पैसे वाया जातात.

अल्कोहोलवरही ई-३५ मध्ये चाचण्या झाल्या. बाष्पीभवन होताना ते मिश्रण थंड करते आणि खडखडीला उत्तम विरोध करते, असे दिसून आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०० च्या वर आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून तयार झालेले इथेनॉल आज भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. भीमा खोऱ्यातील शिरूर-दौंडसारख्या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याचा रिकार्डो यांच्या त्या चाचण्यांशी असा दूरचा संबंध लागतो.

उंचीचा परिणाम

खडखड होईल की नाही हे केवळ संपीडन गुणोत्तर ठरवत नाही. गुणोत्तर ८ असेल तर मिश्रण आठपट लहान जागेत दाबले जाते. पण आठपट दाबण्यापूर्वी त्याचा दाब किती होता, यावर अखेरचा दाब ठरतो. हा आरंभीचा दाब बाहेरच्या हवेचा असतो आणि तो उंचीबरोबर घटतो.

महाराष्ट्रातील प्रवासाचे उदाहरण घेता येईल. मुंबईहून निघालेली गाडी समुद्रसपाटीवरून बोरघाट चढते आणि पुण्यामार्गे कोरेगाव भीमाजवळच्या वढू बुद्रुक येथे, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीस्थळी पोहोचते. हा परिसर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, ही घट १५ टक्क्यांच्या आसपास जाते. लडाखमधील खारदुंग ला येथे, ५,३०० मीटरच्या पुढे, दाब जवळपास निम्मा उरतो. सिलिंडरमध्ये शिरणारे मिश्रण त्याच प्रमाणात विरळ होते. दाबल्यावर कोपऱ्यातील मिश्रणावर येणारा ताण कमी होतो आणि म्हणून कमी ऑक्टेनचे पेट्रोलही चालते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत दर ३०० मीटर चढाईला ऑक्टेनची गरज साधारण एका अंकाने कमी होत असे. वढूला पोहोचलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत हा फरक जेमतेम दोन अंकांचा.

मात्र ही सवलत फुकट मिळत नाही. हवा विरळ झाली की शक्तीही घटते, आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने गेलेली शक्ती परत येत नाही, कारण उणीव पेट्रोलची नसून हवेची असते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. जुन्या गाड्यांचे चालक सांगत की खडखड घाटातच ऐकू येते. ते निरीक्षण खरे आहे, पण त्याचे कारण उंची नाही. घाटात वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढली जाते. सिलिंडर पूर्ण भरतो, इंजिन तापते आणि कोपऱ्यातील मिश्रणाला पेटायला वेळही भरपूर मिळतो. उंचीमुळे होणारा थोडासा लाभ या भाराखाली दबून जातो. खालचा गिअर टाकताच आवाज थांबतो.

अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील राज्यांत या नियमाच्या आधारे कमी ऑक्टेनचे पेट्रोल विकण्याची प्रथा पडली आणि ती अजून चालू आहे. नव्या गाड्यांना ती तितकीशी लागू पडत नाही. टर्बोचार्जर असलेले इंजिन विरळ हवा स्वतःच दाबून घेते. इतर इंजिनांतही संगणक हवेचा दाब मोजून ठिणगीची वेळ पुढे आणतो आणि खडखडीच्या सीमेजवळ राहतो. शिवाय टाकीत डोंगरावरचे पेट्रोल घेऊन गाडी मैदानात उतरली की तिची गरज पुन्हा वाढते. भारतीय मानकात पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक उंचीनुसार बदलत नाही.

विमाने

मोटारीच्या बाबतीत दोन-चार अंकांचा असलेला हा प्रश्न विमानाच्या बाबतीत जीवनमरणाचा होता. १९१८ मध्ये जर्मनीच्या फोकर डी-७ या लढाऊ विमानांत आलेले बीएमडब्ल्यू ३ए इंजिन याचे बोलके उदाहरण आहे. त्याचे संपीडन गुणोत्तर त्या काळच्या पेट्रोलला जमिनीवर न सोसणारे होते. सुमारे २,००० मीटरच्या खाली थ्रॉटल पूर्ण उघडल्यास इंजिन फुटण्याचा धोका असे. वर विरळ हवेत मात्र ते पूर्ण उघडता येई, आणि प्रतिस्पर्धी विमाने दमत असताना हे विमान चढत राही. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर उंचीचा फायदा घेण्याची ही युक्ती होती.

दुसरा मार्ग सुपरचार्जरचा. पंख्याने हवा दाबून इंजिनात भरली की उंचीवरही जमिनीइतका दाब मिळतो; पण मग उंचीने दिलेली ऑक्टेनची सवलत संपते, आणि दाबाने तापलेल्या हवेमुळे गरज उलट वाढते. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे इंधन वापरण्यास सुरुवात केली. मर्लिन इंजिनात हवा त्यामुळे बरीच अधिक दाबून भरता येऊ लागली. फायदा दिसला तो कमी आणि मध्यम उंचीवर. सुपरचार्जर जिथे तेवढा दाब देऊच शकत नव्हता तिथे, वरच्या थरांत, १०० ऑक्टेन आणि ८७ ऑक्टेन यांत फरक उरत नव्हता.

त्या वरच्या थरासाठी रिकार्डो यांनी वेगळा उपाय योजला. मॉस्किटो विमानांच्या मर्लिन इंजिनांत ऑक्सिजन सोडण्याची योजना त्यांनी तयार केली. विरळ हवेत उणीव ऑक्सिजनची, तेव्हा तोच सोबत न्यायचा. फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनासाठी उंचीप्रमाणे इंधनाचा पुरवठा आपोआप कमी करणारे नियंत्रकही त्यांच्या कंपनीने केले. युद्धकाळात कंपनी शोरहॅमहून ऑक्सफर्डला हलवली होती.

इतर कार्य

इंधन बदलता येत नसेल तर ज्वलनकक्षच असा करावा की त्याला कमी ऑक्टेन पुरेल, हा रिकार्डो यांचा दुसरा ध्यास. १९१९ मध्ये त्यांनी बाजूला झडपा असलेल्या इंजिनांसाठी नव्या आकाराच्या सिलिंडर-माथ्याचे पेटंट घेतले. त्यात मिश्रण जोराने घुसळले जाई, ज्वाळा लवकर सर्वत्र पोहोचे आणि कोपऱ्यातील मिश्रणाला स्वतःहून पेटायला वेळच मिळत नसे. स्वस्त गाड्यांची शक्ती त्यामुळे त्याच पेट्रोलवर वाढली. झडपांऐवजी सरकत्या नळीची रचना त्यांनी पुरस्कारली, तिच्यामागेही तापलेली निकास-झडप टाळण्याचा हेतू होता. ब्रिस्टल कंपनीच्या हर्क्युलिस आणि नेपियरच्या सेबर या विमान-इंजिनांत ही रचना होती. डिझेल इंजिनांसाठी त्यांनी तयार केलेला कॉमेट ज्वलनकक्ष १९३१ पासून लंडनच्या बसगाड्यांत वापरला गेला आणि पुढे अनेक देशांतील डिझेल मोटारींत.

याच काळात अमेरिकेत थॉमस मिजली यांनी वेगळी वाट धरली होती. १९२१ मध्ये त्यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला: काही थेंबांत पेट्रोलचा अंक वाढे. तो मार्ग स्वस्त असल्याने जगभर रूढ झाला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात कामगार विषबाधेने मरण पावले, तरीही वापर थांबला नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. शिसे गेल्यावर शुद्धीकरण कारखान्यांना ऑक्टेन राखण्यासाठी अ‍ॅरोमॅटिक घटक आणि अल्कोहोल यांच्याकडे, म्हणजे ई-३५ वर तपासलेल्या पदार्थांकडेच, वळावे लागले.

सन्मान आणि अखेर

रिकार्डो १९२९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४४ मध्ये त्यांना सोसायटीचे रमफर्ड पदक मिळाले आणि त्याच वर्षी यांत्रिक अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेचे अध्यक्षपद. १९४८ मध्ये त्यांना सर हा किताब देण्यात आला. त्यांचा अंतर्ज्वलन इंजिनांवरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अनेक वर्षे अभियंत्यांच्या अभ्यासात होता. आत्मचरित्र १९६८ मध्ये आले. उतारवयात पडून त्यांचा पाय मोडला आणि सहा आठवड्यांनी, १८ मे, १९७४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.